दुसऱ्या पॅडले बटन नव्हतं

मंगेशदादाले पाठवलेला माझा शेवटचा मेसेज अजून एकाच टिकवर हाय. पोळ्याचा दिवस होता. मी आदिलाबादले हॉस्टेलवर, परीक्षा तोंडावर म्हणून गावाले गेली नव्हती, अन् अभ्यास सोडून दादाशी भांडून राह्यली होती. भांडण कशाचं, तर टीव्ही गेमच्या पॅडचं. हो, तोच जुना चौकोनी पॅड, डाव्या अंगाले अधिकच्या चिन्हासारखं बटन, उजव्या अंगाले लाल गोल बटनं, मधातून निघणारी वायर. मी टाइप केलं होतं, "दादा तू कितीबी सांग, ज्या मानसानं ह्या पॅडचे कोपरे गोल केले नाई त्यानं सोता कधी बसून गेम खेळला नसंल. तळहाताले खड्डे पडतात. हे डिझाइन नोय, शिक्षा होय." एक टिक. मंग मी हसणारी तोंडं पाठवली. एक टिक. मंग "हरला ना?" असं पाठवलं. एक टिक. तवा त्याचा फोन आमच्या गावातल्या पारासमोर चिखलात पडला होता अन् त्याच्यावरून लोकायचे पाय जाऊन राह्यले होते, हे मले नंतर कळलं. थोड्या वेळानं माझ्या बाबाचा फोन आला. "वैशू, मंगेशले लागलं. आमी आदिलाबादच्या दवाखान्यात आणून राह्यलो, तू तिथल्या गेटवर ये." कुठं लागलं म्हणून विचारलं तर म्हणाले, "डोक्याले." अन् फोन ठेवला. पुढचं मी गेटवर ऐकलं. टेम्पो थांबायच्या आधीच त्याच्यातून दादाच्या आईचा, माह्या मोठ्या आईचा, रडण्याचा आवाज येऊन राह्यला होता.

मंगेशदादा माझा चुलतभाऊ. तलमडुगुकडच्या आमच्या गावात त्याचं घर अन् आमचं घर भिंतीले भिंत लावून हाय. मोठेबाबा लवकर गेले, म्हणून मोठ्या आईचं घर, बैलजोडी, वावर, सगळं दादानंच ओढलं, अन् वरून मंडलच्या, म्हणजे तालुक्याच्या, गावात टीव्ही-मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकलं. त्याचा लहान भाऊ रितेश माझ्याच वयाचा. हे सगळं रितेशले विचारून लिहून राह्यली मी. तो म्हणाला, "लिही. मी काय केलं तेबी लिही. गोड करू नको."

त्यायच्या घरी मांगच्या अंगाले कापसाची खोली हाय. वेचणी झाली का ती खोली पार आढ्यापर्यंत भरते, अन् दाराजवळ जेवढी जागा उरते तेवढ्यात टीव्ही अन् आमी तिघं. पाठ कापसात रुतलेली, पाय टीव्हीच्या स्टुलाले लागलेले. पॅडची वायर एवढी आखूड होती का मांग सरकायची सोयच नव्हती. मी म्हणत जाओ, ही पह्यली चूक. दादा म्हणे, "चूक काऊन? वायर लांब असती तर तू तिकडं बसली असती, रितेश तिकडं. आखूड हाय म्हणून खांद्याले खांदा लागून बसता. हरल्यावर कोपरा मारता येते ना बाजूवाल्याले?" कोपऱ्यायचंही त्याचं असंच. तो पॅड जमिनीवर सपाट ठेवे अन् दोन बोटायनं तबला वाजवल्यासारखा बटनं बडवे. "गोल पॅड असा ठेवून पाह्य बरं. डुलते. हा चौकोनी हाय म्हणून बसते." अन् डाव्या अंगाचं ते अधिकचं बटन तर त्याले देवासारखं वाटे. सगळं एकाच तुकड्याचं, डावीकडं दाबलं का उजवी बाजू आपोआप उचलते. म्हणे, "एका वेळेस दोनीकडं जाता येत नाई. मानसाचं असं असतं तर किती बरं झालं असतं."

पण आमची खरी मारामारी दुसऱ्या पॅडवरून होती. ज्यायनं तो गेम खेळला त्यायले माहीत असंल, पह्यल्या पॅडच्या मधात दोन लांबट बटनं असतात, एक चालू-बंद करायचं, एक निवडायचं. आमच्या डब्यातल्या दुसऱ्या पॅडले ती नव्हतीच. नुसती कोरी पट्टी. म्हणजे एक नंबरवाला पायजे तवा गेम थांबवू शकते, पाणी पिऊ शकते, मोबाइल पाहू शकते. दोन नंबरवाल्यानं मार खात राह्याचं. अन् दोन नंबर म्हणजे रितेश, कायमचा, काऊन का तो लहान. आमचा आवडता खेळ दोन जणाच्या मारामारीचा, लाथा, बुक्क्या, शेवटी एक जण रक्त ओकून पडे. रितेश पडला का आरडे, "मले थांबवायचं होतं, माह्या डोळ्यात घाम गेला होता." दादा म्हणे, "तुले बटन दिलं तर तू हरायले लागला का दाबशीन." रितेश म्हणे, "अन् तू काय करत? तू जिंकून राह्यला असला का थांबवतच नाई."

मंग दादानंच कायदा काढला. दोन नंबरनं "आगु" म्हटलं का एक नंबरनं बटन दाबलंच पायजे. तेलुगूत आगु म्हणजे थांब. शाळेत आमचे सर रितेशले दिवसभर हेच म्हणत, पळणाऱ्या रितेशमांगं "आगु, आगु", म्हणून तो शब्द आमच्या खोलीत आला. कायदा लय कडक. हातची बाजी चालली तरी बी दाबायचं. दादा पाळे. मी एक नंबरवर बसली का मातर ऐकून न ऐकल्यासारखं करो, मंग दादा माह्या वरून हात घालून बटन दाबे.

अशातच तो दिवस आला. रितेश लागोपाठ हरून राह्यला होता, अन् दादा हसून राह्यला होता. दादाचं हसणं लय वाईट, नाकातून. रितेशनं पॅडची वायर सॉकेटातून उपटली, हातात धरली अन् गोफण फिरवतात तसा पॅड फिरवला. मी खाली वाकली. पॅडचा कोपरा दादाच्या भुवईवर बसला. चामडी उघडी पडली, रक्ताची धार टीव्हीच्या काचेवर, पांढऱ्या कापसावर, रितेशच्या सदऱ्यावर. रितेश अजून दात खाऊन उभाच, दुसऱ्यांदा मारायले हात वर. दादानं रक्तानं भरलेलं तोंड वर केलं अन् मले म्हणे, "वैशू, तुझं बरोबर हाय. कोपरे गोल पायजे होते." रितेश तिथंच भदकन खाली बसला अन् रडायले लागला. दादानं मोठ्या आईले सांगितलं का कोठ्यात बैलाचं शिंग लागलं. टाके पडले. भुवईत शेवटपर्यंत तिथं केस आले नाई.

त्याच्यानंतर दादा मले एकटीले म्हणाला होता, "ह्याच्या अंगात मांगं सरायचं बटनच नाई. मले भेव वाटते, माह्यामांगं ह्याले कोण आवरीन." मी म्हटलं, मोठा झाला का सुधरंल.

रितेश मोठा झाला पण सुधरला नाई. बसस्टँडवर एकाचा जबडा सुजवला, लग्नातल्या डीजेपुढं एकाचं डोकं फोडलं. दरवेळी दादा दुकान बंद करून धावे, हात जोडे, त्या पोट्ट्याले दवाखान्यात नेई, घरी आणून रितेशले चार कानफटात हाणे अन् मंग दोघं कापसाच्या खोलीत गेम लावून बसत. गावातला अमोल बी येई तिथं खेळायले. खालच्या आळीतला, रितेशचा दोस्त, दात पुढं असलेला, हरला तरी हसणारा. ह्या दोघा दोस्तायनं खेळायले नवा पॅड आणला होता, ज्याच्यात दोन जास्तीची बटनं होती, एकदा दाबून धरलं का आपोआप धडाधड बुक्क्या बसतात. रितेश खूश. दादानं तो पॅड उघडून त्या दोन बटनायच्या वायरा कापून टाकल्या. अमोल म्हणे, "दादा, चांगली चीज काऊन बिघडवली?" दादा म्हणे, "मारणारा थकला पायजे बे. मारून हात दुखला तर तो थांबंल तरी. ह्या बटनाचा हात दुखत नाई." ह्या वाक्यावर मी त्याच्याशी फोनवर घंटाभर भांडली होती. म्हटलं, गेम होय दादा, प्रवचन नोय. आता वाटते, तो गेमबद्दल बोलतच नव्हता... का फक्त गेमबद्दलच बोलून राह्यला होता अन् बाकीचं मी आज जोडून राह्यली, मले नाई कळत.

पोळ्याच्या दिवशी काय झालं ते सगळ्या मंडलात माहीत हाय, पण सांगते. आमच्या गावात पाराजवळ तोरण बांधतात, सगळ्या जोड्या रांगेत उभ्या राहतात, पह्यले मानाची जोडी तोरणाखालून जाते अन् मंग बाकीचे. मानाच्या जोडीमांगं कोण, हे दरवर्षीचं भांडण. औंदा आमची जोडी घेऊन रितेश, अन् त्याच्या बाजूले त्यायची जोडी घेऊन संतोष. संतोष म्हणजे अमोलचा मोठा भाऊ. तोरण तुटलं, दोनी जोड्या एकाच वेळी घुसल्या, संतोषच्या बैलाचं शिंग आमच्या पवळ्या बैलाच्या मानेत घुसलं. रितेशनं मांगंपुढं पाह्यलं नाई. चाबकाच्या दांड्यानं संतोषच्या तोंडावर मारलं. ओठ फाटला, दात पडला. संतोष रक्त थुंकत पळाला अन् बाजूले उभ्या असलेल्या गाडीची उभारी उपसली. उभारी म्हणजे बैलगाडीच्या काठाले उभी ठोकलेली लाकडी खुंटी, हातभर लांब, मनगटाएवढी जाड. आमच्याकडं भांडणात हात पह्यले तिकडंच जाते.

कोणीतरी मोबाइलवर काढत होतं. तो व्हिडिओ सगळ्याकडं गेला, मलेबी आला. मी पाह्यला. पाहू नको म्हटलं होतं बाबानं, तरी पाह्यला. बैलं उधळलेली, झुली पायाखाली, बाया ओरडून राह्यल्या, संतोष उभारी दोनी हातानं डोक्याच्या वर नेते अन् रितेश छाती काढून त्याच्या समोर उभा, मांगं सरायलेच तयार नाई. डाव्या अंगानं दादा येते. हात पसरलेले, एक हात रितेशच्या छातीवर, एक संतोषकडं. अन् ओरडते. "आगु. आगु." लोकायले वाटलं का बंदोबस्ताच्या पोलिसायले पाहून तेलुगूत बोलला. मले माहीत हाय तो कोणाले बोलला. त्यानं ते आमच्या दोन नंबरवाल्याले म्हटलं होतं... त्या व्हिडिओले थांबवायचं बटन हाय. मी लय वेळा तिथंच थांबवला, उभारी वर असताना, दादाचे हात पसरलेले असताना. पण बोट उचललं का ती खाली येतेच. कानाच्या वर लागली. असा आवाज आला का मी त्याच्यानंतर आवाज बंद करूनच पाह्यला.

संतोष सोताहून ठाण्यात गेला. आता आत हाय. गावातल्या पोट्ट्यायनं त्याच रात्री त्यायच्या घराच्या छपराची कवेलू फोडली, दार तोडलं, त्यायच्या म्हाताऱ्याले ओढून बाहेर काढलं. माझ्या बाबानं अन् दोन-चार जणायनं मधी पडून सोडवलं. अमोलले तेराव्यापर्यंत कोणी रस्त्यानं जाऊ दिलं नाई, दिसला का दगड. अन् रितेश... रितेश दगड मारत नव्हता. तो कोठ्यात बसून आमच्याच गाडीची उभारी विळ्यानं तासत होता. टोक करून राह्यला होता. मी परीक्षा आटपून तेराव्याले गावाले आली तवा त्याच्या हाताच्या मुठीची चामडी सोलली होती, भिंतीवर बुक्क्या मारून मारून. मी बाजूले बसली. तो खाली पाहूनच बोलला.

"उभारी माह्यासाठी होती, वैशू."

"माहीत हाय."

"पह्यले मी मारलं."

"माहीत हाय, रित्या."

"त्यानं माहा भाऊ नेला. मी त्याचा भाऊ नेतो. मंग तो आत बसून गेम खेळंल एकटा."

तेराव्यापासून अमोल पुन्हा रोज दिवस मावळायच्या आधी दुधाची कॅन गाडीले बांधून आमच्याच दारावरून डेअरीले जाते. दुसरा रस्ता नाई. कॅनची साखळी खडखड वाजते, लांबून ऐकू येते. तेराव्याच्या दिवशी ती खडखड ऐकून रितेश उठला, उभारी घेऊन ओट्यापर्यंत गेला, अन् मोठी आई त्याच्या पायात आडवी पडली. तिले ओलांडून तो गेला नाई एवढंच. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मोठी आई मले म्हणाली, "पोरी, मी किती दिवस आडवी पडू? एक मातीत गेला, दुसरा फासावर जाईन." बाबानं त्याले समजावलं, हाणलंबी. तो हललाच नाई. म्हणाला, "काका, आज नाई तर उद्या."

दादाचं दुकान रिकामं करायचं होतं, जागेचा मालक मांगं लागला होता. मी अन् बाबा गेलो. टेबलावर सगळं दादानं सोडलं तसंच, सोल्डरिंगची कांडी, वायरीचे तुकडे, एका टीव्हीचं पोट उघडं. अन् रबरी चटईवर आमचे दोनी पॅड. मी उचलायले गेली तर एक उचलला अन् दुसरा आपोआप वर आला. दोघायच्या मधात एक बारीक लाल वायर. दुसऱ्या पॅडच्या कोऱ्या पट्टीले त्यानं भोक पाडलं होतं अन् जुन्या रिमोटचं एक पिवळं बटन बसवलं होतं. मले लगेच कळलं काऊन वायर हाय ते, काऊन का ह्याच्यावरबी आमी भांडलो होतो. मी म्हटलं होतं, एवढा मेकॅनिक हायेस तर लाव ना दुसऱ्याले बटन. तो म्हणाला होता, "लावून पाह्यलं. उपेग नाई. चूक पॅडची नाई, गेमची कॅसेटच दोन नंबरचं ऐकत नाई. ती फक्त एक नंबरले विचारते." मंग त्यानं हा उपाय काढला. दुसऱ्या पॅडवरचं बटन वायरीनं पह्यल्या पॅडच्या बटनाले जोडलं. लहान्यानं दाबलं का मोठ्याचं दाबल्या जाईन. बाबा म्हणाले, "ह्याचे किती येतील?" मी पॅड ओढणीत बांधले.

घरी येऊन मी कापसाच्या खोलीत टीव्ही लावला. औंदाची वेचणी व्हायची होती, खोली रिकामी, आवाज घुमून राह्यला होता. रितेशले हाक मारली. तो उभारी घेऊनच दारात आला. मी दोन नंबरचा पॅड त्याच्या पुढं ठेवला. तो ओढायले गेला तर माह्या हातातला बी ओढल्या गेला. त्यानं वायर पाह्यली. बोटानं लाल वायरीवरून इकडून तिकडं गेला. पिवळ्या बटनाले हात नाई लावला. "कधी केलं त्यानं हे?" मी म्हटलं, "मले नाई माहीत. टेबलावर होतं." तो खाली बसला, उभारी मांडीजवळ. म्हणाला, "लाव."

मी लावला. तोच मारामारीचा. मी तर पह्यलेपासून भंगार खेळते. रितेशनं मले असं मारलं, असं मारलं, लाथ, बुक्की, उचलून आपट, मी पडली का पुन्हा उठेपर्यंत दम नाई. पॅड जमिनीवर ठेवून दोन बोटायनं बडवून राह्यला होता, दादासारखा. सोललेल्या मुठीतून पुन्हा रक्त निघालं, पॅडच्या पांढऱ्या प्लास्टिकले लागलं. दात खाल्लेले, डोळ्याची पापणी हलत नव्हती. तो माह्याशी खेळतच नव्हता. मले माहीत होतं टीव्हीत तो कोणाले मारून राह्यला होता, अन् खरं सांगते, मले त्याचं भेव वाटलं.

अन् तवाच लांबून कॅनची साखळी वाजली. खड खड खड.

रितेशचा डावा हात पॅडवरून उठला अन् उभारीकडं गेला. मोठी आई बाहेरच्या खोलीत उभी राह्यल्याचं मले ऐकू आलं. टीव्हीत माहा माणूस गुडघ्यावर, रितेशच्या मानसाचा पाय वर उचललेला. मी बटन दाबू शकली असती, एक नंबर माह्याच हातात होता. नाई दाबलं. माहा अंगठा हललाच नाई. रितेशच्या उजव्या हाताचा अंगठा पिवळ्या बटनावर गेला. दाबला.

टीव्हीतलं सगळं जागच्या जागी. पाय वरचा वर. बारीक टिंग असा आवाज झाला, थांबल्यावर होते तसा. खडखड आमच्या दारासमोर आली, तिथं जराक हळू झाली, अमोल बी दरवेळी तिथं घाबरतच असंल... मंग पुढं गेली, डेअरीकडं वळली, बारीक झाली, नाई झाली. तेवढा वेळ रितेशनं अंगठा उचलला नाई, नख पांढरं पडलं होतं. मंग तो मोठ्यानं श्वास घेऊन म्हणाला, "ऐकते बे हे. दोन नंबरचं ऐकते." अन् तोंड वायरीवर ठेवून जे रडला ते मी इथं लिहीत नाई.

उभारी दुसऱ्या दिवशी गाडीले परत ठोकलेली दिसली. टोक केल्यामुळं ती आता खाचेत ढिली बसते, गाडी चालली का तेवढीच एक हलते. रितेश अमोलशी बोलत नाई. खडखड वाजली का अजूनबी उठते, पण कापसाच्या खोलीत जाते. पुढं काय होईन, मले नाई माहीत. मोठी आई अजून ओट्यावरच झोपते.

पॅड आता खोलीत खुंटीवर टांगलेले हायत. मधातली लाल वायर खुंटीवर, एक पॅड इकडं, एक तिकडं. एक फेकून मारतो म्हटलं तर दुसरा बी संगं येईन अन् सोताच्याच तोंडावर बसंल. हे डिझाइन मंगेशदादानं मुद्दाम केलं, का वायर आखूड होती म्हणून झालं, विचारायले तो नाई. काल मी त्या एका टिकच्या खाली अजून एक मेसेज टाकला. लिहिलं, "दादा, आखूड वायरीचं तुझं बरोबर. बटनाचं बी बरोबर. कोपरे मातर गोलच पायजे होते."